जास्त बोलल्याबद्दल ठिपक्यांना नोटीस

ती. दादास,

भिंगरीचा वाकून नमस्कार. (वाकलोय ते पेन टेबलाखाली गेलं म्हणून, पण नमस्कार खरा आहे.) तू, वहिनी आणि छोटी तिघंही बरी असाल. तुझी कंबर कशी आहे? वहिनीचं डोकं दुखायचं थांबलं का? छोटीचा पुढचा दात आला का? ही सगळी चौकशी मनापासून आहे, पण उत्तरं सावकाश पाठव. सध्या मी इतका भडकलेलो आहे की कुणाचं तरी बरं चाललंय हे कळलं तरी मला सोसणार नाही. मावशी ठणठणीत आहे. मीही आहे. बाकी कुणाचंच भलं होऊ नये अशी माझी इच्छा आहे, आणि त्या बाकीच्यांत तुझ्या गावचा तो हौशी रेडिओवाल्यांचा क्लब सगळ्यात पुढे उभा आहे. त्यांच्यामुळे काकांना नोटीस आली. हो, काकांनाच, म्हणजे तुझ्या वडिलांना, ज्यांना जाऊन दोन वर्षं होत आली. आणि नोटीस कशाबद्दल, तर जास्त बोलल्याबद्दल.

आता खुर्चीत नीट टेकून बस. सुरुवातीपासून सांगतो.

सुरुवात तुझ्यापासूनच आहे. तू मला फोन करून म्हणालास की तसाही तू रिकामा आहेस, तर आईकडे जाऊन राहा, तिला सोबत होईल. तो रिकामा शब्द मला लागला होता, हे आज सांगून टाकतो. मी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका माणसाच्या हाताखाली होतो. ते काम सोडलं, कारण दिवसभर वरखाली करून माणूस कुठेच पोचत नाही. त्याआधी बेकरीत होतो, तिथे भट्टीपेक्षा मालक जास्त तापायचा. त्याआधी गाड्यांच्या नंबरप्लेटा रंगवायचो, आणि तिथे मी एका वकिलाच्या गाडीला त्याच्याच शेजाऱ्याचा नंबर घातला. (दोघांचं आधीपासून भांडण होतं, त्यात माझी फक्त भर पडली. पण ती गोष्ट मोठी आहे, वहिनी नसताना सांगेन.) सांगायचं काय, तर मी पिशवी उचलली आणि आलो. मला वाटलं मावशीला सोबत द्यायची म्हणजे ती उदास बसलेली असेल, मी दोन विनोद करीन. पण मावशीला सोबत होती. रोज सकाळची. त्या सोबतीचंच या लोकांनी काय केलं, त्याचा हा राग आहे.

तू म्हणशील मला माझ्या घरातलं काय सांगतोस. तुला काही माहीत नाही. तू त्या घरात होतास तेव्हा कानात बोळे घालून अभ्यास करत होतास, मावशीनेच सांगितलं. तर ऐक. टेकडीवर पाण्याच्या टाकीला लागून एक पत्र्याची खोली आहे, तिच्यात इकडच्या, म्हणजे काकांच्या क्लबची पेटी आहे, तिला रिपीटर म्हणतात. माणसाच्या हातातला सेट तसा अशक्त असतो, त्याचा आवाज दोन गल्ल्यांपलीकडे जात नाही. ही पेटी तो बारीक आवाज उंचावरून ऐकते आणि तेच्या तेच मोठ्याने सगळ्या गावाला ऐकवते. (आपल्या समोरच्या वरच्या मजल्यावरच्या काकू हेच काम विजेशिवाय करतात.) त्या पेटीवर रोज सकाळी क्लबची हजेरी होते. ती घेतात दातांचे डॉक्टर, ते अध्यक्ष आहेत. एकेकाचं पुकार-नाव घ्यायचं, त्याने हजर म्हणायचं, हवा कशी आहे, गुडघा कसा आहे, घरात काय बिघडलंय ते सांगायचं आणि पुढच्याला जागा द्यायची. बोलायला परवाना लागतो, ऐकायला लागत नाही. मावशीकडे परवाना नाही. त्यामुळे फळीवर काकांचा जुना सेट लावून ती भाजी निवडत गेली कित्येक वर्षं नुसती ऐकते, आणि त्यातल्या एकाही माणसाशी न बोलता तिला सगळ्यांच्या सुना माहीत आहेत.

आता मुख्य गोष्ट. या क्लबात एक रीत आहे, ती दुसरीकडे आहे की नाही मला ठाऊक नाही. सभासद गेला तरी हजेरीतून त्याचं नाव काढत नाहीत. त्याची पाळी आली की डॉक्टर त्याला पुकारतात, आणि तो माणूस बोलायला जेवढा वेळ घ्यायचा तेवढी जागा मोकळी सोडतात. मग पुढचं नाव. कुणी हळहळत नाही, कुणी काही म्हणत नाही, फक्त पेटीची खरखर ऐकू येत राहते. एक फोटोग्राफर होते म्हणे, ते हयात असताना स्वतःच्या पचनाबद्दल इतकं सविस्तर बोलायचे की त्यांच्या जागेत लोक आंघोळीला जाऊन येतात. आपल्या काकांची जागा सगळ्यात लहान. त्यांना क्लबात ठिपके का म्हणायचे माहीत आहे का? तोंडाने बोलण्यापेक्षा त्यांना तारेच्या भाषेतलं ते ठिपके-रेघांचं कटकट कट बरं वाटायचं म्हणून. हजेरीला तोंड उघडावंच लागे, तेव्हा ते म्हणायचे, "हजर. बाकी ठीक." संपलं. तेवढीच खरखर रोज सकाळी मावशीच्या स्वयंपाकघरात यायची. ती यायच्या वेळेला मावशी विळी थांबवायची. मी आलो त्या पहिल्या आठवड्यात एकदा नेमका तेव्हाच बोललो, डबा कुठे आहे म्हणून विचारलं. मावशीने माझ्याकडे जसं पाहिलं तसं मला आजवर एकाही मालकाने पाहिलेलं नाही, आणि मला काढून टाकताना मालक लोक फार वाईट बघतात.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात क्लबाला डिजिटल होण्याची खाज सुटली.

क्लबची सभा सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत भरते. मी मावशीच्या वतीने गेलो होतो. (वतीने म्हणजे चहा होता.) तिथे एक मुलगा आहे, माझ्याच वयाचा, नोकरी करून शिवाय चष्मा लावणारा. त्याला सगळे अपडेट म्हणतात. त्याने भिंतीवर चित्रं दाखवून सांगितलं की आपली पेटी म्हातारी झाली, खरखर हा आजार आहे, डिजिटलमध्ये आवाज काचेसारखा येतो, शिवाय इंटरनेटवरून आपली पेटी लांबच्या गावच्या पेटीला जोडता येते, इथे बोललेलं तिथे ऐकू येतं. ते लांबचं गाव म्हणजे तुझं. शिवाय प्रत्येक सेटला एक नंबर असतो, कुणी बोलायला लागलं की आधी तो नंबर जातो आणि ऐकणाऱ्याच्या सेटवर बोलणाऱ्याचं नाव उमटतं. डॉक्टरांना हे फार आवडलं, कारण त्यांना माणसं ओळखू येतात ती दातांवरून. सगळ्यांनी हात वर केले. मीही केला, मला वाटलं चहा कुणाला हवाय असं विचारलं. खरी चूक इथे पेरली गेली, ती अशी की नवे सेट आणले तेव्हा ते आतून कसे जुळवायचे हे एकट्या काकांना येत होतं. जाण्याच्या थोडं आधी त्यांनी गावातला पहिला डिजिटल सेट घेऊन तो नीट जुळवून ठेवला होता. एका शब्दाने कुणाला न सांगता, अर्थात. अपडेट घरी आला, मावशीने मोठ्या मनाने तो सेट त्याला नमुन्यासाठी दिला आणि वर खोबऱ्याची वडी दिली. वडीचा मला अजून राग आहे. ती शेवटची होती.

नवी पेटी लागली त्या सकाळी मावशीने सेट लावला आणि त्यातून जो आवाज आला तो मी लिहून दाखवू शकत नाही. पत्र्याच्या डब्यात खिळे घालून कुणी तो डबा जिन्यावरून लाथेने सोडावा, तसा. डिजिटल बोलणं जुन्या सेटला कळतच नाही, त्याला नुसता खुळखुळाट ऐकू येतो. हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मावशीला वाटलं बॅटरी गेली. मला वाटलं गच्चीवरच्या काठीची, म्हणजे सेटच्या एरियलची, तार सुटली. मी वर चढलो. काठीवर चढायचं कसं हे मला लिफ्टच्या कामामुळे येतं, उतरायचं कसं हे मात्र लिफ्टमध्ये शिकवत नाहीत. शेवटी समोरच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी मला पाहिलं आणि सगळ्या गल्लीला ती बातमी दिली. रंगाऱ्याची शिडी आली, मी उतरलो, विजार वरच राहिली. त्याच अवस्थेत, म्हणजे मावशीची चादर गुंडाळून, मी अपडेटच्या घरी जाऊन त्याला विचारलं. तो म्हणाला जुने सेट आता शोभेला ठेवा. मी म्हटलं आणि हजेरीचं काय? तो म्हणाला हजेरी चालू आहे, आता नावं पुकारत नाहीत, जे बोलतात त्यांची पडद्यावर आपोआप येतात. गेलेल्यांची येत नाहीत. आणि मोकळी जागा सोडली तर नवी पेटी झोपी जाते, कुणी बोलत नसेल तर ती कशाला जागेल?

दादा, मी चादर धरून उभा होतो म्हणून तो वाचला. हात मोकळे असते तर नसता वाचला.

घरी येऊन मी मावशीला सगळं सांगितलं, थोडं कमी करून. ती बरं म्हणाली. सेट पुसला, त्याच्यावर जुन्या उशीचा अभ्रा घातला आणि फळीवर मागे सरकवून ठेवला. त्यानंतर तिने मला कशावरूनच रागावणं बंद केलं. मी ओल्या पायांनी स्वयंपाकघरात गेलो, काही नाही. दुधाचं भांडं उघडं ठेवलं, काही नाही. भाजी आणायची ती निवडलेली, पाकिटातली आणायला लागली. आणि तुझा फोन आला, तू नेहमीसारखं विचारलंस की आई इकडे येऊन राहतेस का, तेव्हा ती पहिल्यांदाच म्हणाली, बघते. तू तिकडे खूश झाला असशील. मी इकडे दारामागे उभा होतो, आणि तिचा चेहरा मला दिसत होता, तुला नाही.

आता ती नोटीस. पोस्टमन घेऊन आला, पाकिटावर काकांचं नाव, आत क्लबचा शिक्का. मजकूर असा की आपण रोज अविरत बोलून जोडलेल्या वाहिनीवर इतरांना जागा देत नाही, अशी लांबच्या क्लबची (म्हणजे तुझ्या गावच्या, वाच नीट) लेखी तक्रार आली आहे, तरी आपल्याला समज देण्यात येत आहे, यापुढे बोलणं आवरतं घ्यावं आणि येत्या रविवारी सभेत हजर राहून खुलासा करावा. माझ्या डोळ्यांपुढे लाल काजवे चमकले. ज्या माणसाने स्वतःच्या लग्नात मान हलवून काम भागवलं, त्याला समज! आणि कुणाची? ज्यांनी त्याचं एका शब्दाचं नावसुद्धा हजेरीतून पुसलं त्यांची! मावशीने चष्मा लावून ते वाचलं, मग चष्मा पुसून परत वाचलं, घडी घालून पदराला बांधलं आणि म्हणाली, रविवारी जाऊ. पण मला रविवारपर्यंत राग टिकवणं जमत नाही, माझा राग ताजाच चांगला असतो. मी तडक दातांच्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टरांनी खुर्चीत एक माणूस आडवा केला होता, त्याच्या तोंडात आरसा, नळी, कापूस असं सगळं घर मांडलेलं. मी दारातूनच सुरू केलं. काय काय बोललो ते नीट आठवत नाही, पण बाहेर बसलेले तिघं पेशंट उठून गेले आणि त्यातल्या एकाचा गाल सुजलेला होता. डॉक्टर शांतपणे म्हणाले की नोटीस त्यांनी काढलेलीच नाही. तक्रार आली की आपोआप नोटीस छापणारा प्रोग्राम अपडेटने बनवलाय, त्याने न वाचता पाकिटं भरली असतील. मग ते जरा घुटमळले, हातमोजे काढले आणि हळू आवाजात मला म्हणाले, "पण तुला एक सांगू का, माझ्या सेटवर कुणीही बोललं तरी नाव ठिपके असंच येतं. मला वाटलं अपडेटने ते श्रद्धांजली म्हणून केलंय. विचारणं बरं दिसेना."

तेवढ्यात खुर्चीतला माणूस हातवारे करायला लागला. तोंडात कापूस असल्याने आ आ असंच येत होतं. डॉक्टरांनी कापूस काढला तर तो क्लबचाच शिंपी. त्याच्या सेटवरही सगळे ठिपके. त्याला वाटलं आपल्यालाच नवीन बटणं कळत नाहीत, पोरासमोर अडाणी ठरू, म्हणून तो गप्प. त्याच्या सेटवर त्याची सख्खी बायको बोलली तरी ठिपके यायचं, आणि तरी हा गप्प. मग आम्ही तिथूनच फोन लावत गेलो. सगळ्यांचं तेच. एकाला वाटलं आपला सेट स्वस्तातला आहे. एकाने तर घाबरून सेट कपाटात घालून कुलूप लावलं होतं. या लोकांचा छंद काय, तर अनोळखी माणसांशी बोलणं! आणि आपल्या शेजाऱ्याला विचारायची छाती नाही! अपडेटने केलं होतं एवढंच की काकांचा सेट आतून जसाच्या तसा उचलून प्रत्येक नव्या सेटात उतरवला होता, काकांच्या नंबरासकट. नंबर प्रत्येकाचा वेगळा घालायचा असतो हे तो विसरला. म्हणजे सगळा गाव दिवसभर काकांच्या नावाने बोलत होता. आणि तुझ्या गावचे लोक पडद्याकडे बघून डोकं धरून बसले की हा ठिपके नावाचा गृहस्थ हवा सांगतो, गुडघा सांगतो, शिवणयंत्राचं तेल सांगतो, कधी बाईच्या आवाजात पाणी गेल्याचं सांगतो आणि थांबायचं नाव घेत नाही. आवाज वेगळे आहेत हे एकाही शहाण्याच्या कानाला कळलं नाही! नाव वाचता येतं ना, मग कान कशाला वापरायचे? हे तुझं ते काचेसारखं डिजिटल.

रविवारी मावशी सभेला आली. तू तिला ओळखलं नसतंस, ती निळी साडी, हातात छत्री, ऊन-पाऊस काही नसताना. खोलीत शिरली तसे सगळे उभे राहिले आणि कुणालाच बसावं की नाही कळेना. डॉक्टरांनी माफी मागायला तोंड उघडलं. मावशीने पदराची गाठ सोडून नोटीस टेबलावर ठेवली आणि म्हणाली, मला खुलासा करायला बोलावलंय, आधी तो होऊ द्या. मग आपल्या नेहमीच्या आवाजात, भाजीवाल्याशी बोलते तसं म्हणाली, "मी जन्मभर त्यांना उलटंच सांगत आले, जरा बोलत जा म्हणून. मला जमलं नाही, तुमच्या मशीनला जमलं. आता त्यांना समज कसली देता? द्यायची तर मला द्या, मी कमी पडले."

कुणी हसलं नाही. म्हणजे शिंपी हसला, पण लगेच त्याला रडू आलं, त्यामुळे ते धरायचं नाही.

मग तिने विचारलं की मला माझी हजेरी परत कशी मिळेल, तेवढं सांगा. नवा सेट मला नको, त्यात सगळ्यांचे आवाज एकाच डब्यातून काढल्यासारखे येतात, मला माझ्या जुन्या सेटवर ऐकायचंय, आणि सगळी नावं ऐकायचीत. डॉक्टरांनी अपडेटकडे पाहिलं. आणि दादा, इथे माझ्या रागाने घर सोडलं आणि तो रस्त्यावर आला. अपडेट चष्मा वर करून म्हणाला की ते होईल. नवी पेटी दोन्हीत बोलू शकते, जुन्यातही आणि नव्यातही, सकाळपुरतं जुनंही चालू ठेवता येतं. मी विचारलं किती काम आहे? तो म्हणाला काम काही नाही, एका चौकटीत टिचकी मारायची. मी विचारलं मग इतके दिवस का नाही मारलीस? तर म्हणतो, खरखर वाईट वाटते ना. एक टिचकी! मावशी अभ्रा घालून बसली होती, विळीला गंज चढत होता, मी काठीवर विजार वाळत घालून आलो, आणि हा टिचकी मारत नव्हता, कारण त्याच्या कानाला बरं वाटत नव्हतं! मी काय केलं ते विचारू नकोस. त्याचा चष्मा आता माझ्याकडे दुरुस्तीला आहे.

सोमवारी सकाळी मावशीने अभ्रा काढला. सेट लावला, खरखर आली, आणि डॉक्टरांनी हजेरी सुरू केली. मी भिंतीला टेकून श्वास धरून उभा. फोटोग्राफरची लांबलचक जागा गेली. शिंपी बोलला. मग डॉक्टरांनी ठिपके म्हणून पुकारलं, आणि थांबले. आणि थांबले. आणि थांबलेच. मला वाटलं केवढा हा मान देतायत. मावशीने विळी आडवी केली आणि माझ्याकडे वळून कडाडली, असली कसली ही जागा, एवढ्या वेळात त्यांनी अंघोळ आवरली असती! जा, सांग त्या डॉक्टरला, अपराधी वाटत असेल तर माझ्या घरी येऊन बोल, त्यांच्या जागेत तुझं काही घुसडू नकोस. मी तसाच धावत दवाखान्यात जाऊन शब्दन् शब्द सांगितला. (दोन शब्द माझे.) मंगळवारी डॉक्टरांनी पुकारलं, एवढीशी खरखर आली, पुढचं नाव. मावशीची विळी थांबली आणि चालू झाली. त्यानंतर मी ओल्या पायांनी आत गेलो तर तिने मला लाटणं फेकून मारलं. बरं वाटलं.

तर माझं म्हणणं असं की तू उठ, त्या तुझ्या गावच्या क्लबात जा, आणि त्यांना सांग की ज्या माणसाबद्दल तुम्ही कागद काळे केलेत तो माझा बाप होता, आणि त्याच्या एका हजरमध्ये जेवढा अर्थ होता तेवढा तुमच्या वर्षभराच्या बडबडीत नाही. त्यांना कान तपासून घ्यायला सांग. त्यांचा अध्यक्ष जो कोण असेल त्याच्या तोंडावर सांग की भिंगरी नावाचा एक माणूस तुमच्या गावात आला तर पहिली भेट तुमच्या पेटीला देईल, आणि हातात पाना असेल. जमलं तर खुर्ची पाडून बाहेर ये. नाही जमलं तर मला कळव.

वहिनीला नमस्कार, छोटीला पापा. रागात काही जास्त गेलं असेल तर ते तुझ्या गावच्या लोकांच्या खात्यावर टाक.

तुझा मावसभाऊ,
भिंगरी

ता. क. खुर्ची पाडू नकोस.

ता. क. दुसरा. त्याचं कारण असं. छोटीचा दात येतोय म्हणून मावशी तुझ्याकडे यायचं म्हणतेय. बघते नाही, येते म्हणतेय, दोन-तीन महिने राहीन म्हणतेय. फक्त तिथे आपल्या गावची सकाळची हजेरी ऐकू आली पाहिजे. अपडेटला विचारलं (आम्ही बोलतो, चष्म्याच्या निमित्ताने). तो म्हणतो काहीच अवघड नाही, तुझ्या गावच्या पेटीला आपली जोडलेली आहेच, काकांचा सेट त्याने परत दिलाय, त्यावर तिकडे सगळं ऐकू येईल. पण ते डिजिटलवरच होतं. तेव्हा डिजिटलबद्दल वर जे काही आहे ते तू वाचलेलं नाहीस.

ता. क. तिसरा. आणि सकाळी तेवढा वेळ जोड चालू ठेवायचा की नाही हे तुझ्या गावच्या क्लबच्या हातात आहे. तक्रार केल्यापासून त्यांनी तो तोडलाय. म्हणून तू त्यांच्याकडे जा, गोड बोल, मिठाई ने. अध्यक्ष भला माणूस आहे असं ऐकतो. नोटिशीबद्दल आमच्या मनात काही नाही असं सांग, आणि सांग की आमच्याकडे मधेच थोडा वेळ कुणी बोललं नाही तर पेटी बिघडली असं समजून जोड तोडू नका. त्या वेळेला डॉक्टर आपलं बटण दाबून धरणार आहेत, म्हणजे पेटी झोपणार नाही. मी इथे घर सांभाळतो. मला जायची घाई नाही. इथल्या परवान्याच्या परीक्षेला बसावं असं मनात आहे, पण हे कुणाला सांगू नकोस, विशेषतः अपडेटला, कारण तोच शिकवतोय.

ता. क. चौथा, आईच्या हातचा. याने लिहिलंय त्यातलं निम्मं धर. चष्मा याने फोडला नाही, याच्या खिशातला पाना काढून घेताना अपडेट स्वतःच आपल्या चष्म्यावर बसला, आणि सभेत रडला तो शिंपी नव्हे. मी शनिवारी निघते. तिकीट काढलं. विचारत नाही, कळवते. सेट पिशवीत आहे, काठी गाडीच्या टपावर बांधून आणते. तुझ्या जिन्यात ती वळणार नाही, तेव्हा गच्चीवरून दोर सोडून उभा राहा आणि कंबरेला पट्टा बांध.